चौथ्या मोल्टनंतर (कात टाकल्यावर) रेशमाच्या अळ्या मरतायत, रोग फ्लॅचरी की ग्रासरी?

तुतीचा_मळा: दीडशे अंडीपुंजांची बॅच आहे. मोल्ट नीट उठला, पण परवापासून अळ्या पाला सोडून निपचित पडल्यात. तोंडातून पाणी, विष्ठा पातळ, डोक्यामागचा भाग पारदर्शक दिसतो. मेलेली अळी उचलली तर हातातच फुटली, काळी, आणि वास असा की जेवण जाईना. पोरांसारख्या वाढवल्यात हो.

रेशीमताई: दादा, ग्रासरीत अळी फुगते, सांधे सुजतात, कातडी चकाकते, रॅकच्या कडेने सैरावैरा फिरते. पाय तोडला की दुधासारखा द्रव येतो. तुमची लक्षणं फ्लॅचरीची. ग्रासरीचा विषाणू डीएनएचा, संसर्गजन्य फ्लॅचरीचा आरएनएचा. त्याच्यावरूनच विषाणूंच्या आख्ख्या कुळाला इफ्लाव्हिरिडी नाव पडलंय. मधमाशांचे पंख वाकडे करणारा विषाणूही त्यातलाच. फ्लॅचरीचा विषाणू अळीच्या आतड्यातल्या पेशींत वाढतो, मग जिवाणूंना रान मोकळं. पण नुसत्या जिवाणूंनीही फ्लॅचरी होते, खात्री प्रयोगशाळेतच.

तुतीचा_मळा: औषध काय?

रेशीमताई: लागण झालेल्या अळीला नाही. आजारी अळ्या चिमट्याने वेचा, चुन्यासकट खोल पुरा. विष्ठेतून पाल्यावर आणि पाल्यावरून पोटात, असा रोग पसरतो, म्हणून अळ्यांचा बेड रोज साफ करा. ओला, धुळीचा, आंबलेला पाला अजिबात नको. खिडक्या उघडा.

जुना_कोषवाला: बॅच संपली की २ टक्के ब्लीचिंग पावडर आणि ०.३ टक्के चुना पाण्यात कालवून भिंती, रॅक, चंद्रिका (अळ्या कोष विणतात त्या जाळ्या) सगळं भिजवा. मी एकदा चंद्रिका तशाच वापरल्या, पुढची बॅचही गेली.