सिटी परफ्युजन कशासाठी करतात?

खानापूरकर: मामांना गेल्या आठवड्यात लकव्याचा झटका आला, उठले तवाच डावा हात लुळा, बेळगावला पोचेतोपर्यंत दुपार. साधा सिटी झालेला, खरं डॉक्टरनी परफ्युजन पण केलं. एवढ्या उशिरा त्याचा काय उपयोग हो?

चिकोडी_टेक्निशियन: उपयोग आहे की! साध्या सिटीत मुख्य म्हणजे रक्तस्राव आहे का बघतात. परफ्युजनमध्ये शिरेतून आयोडीनचा डाय सोडून भराभर फोटो काढतात, मग मेंदूत कुठं रक्त किती आणि किती उशिरा पोचतंय त्याचा रंगीत नकाशा मिळतो. रक्ताचा प्रवाह नेहमीच्या ३० टक्क्यांच्या खाली गेलेला भाग बहुतेक मेलेला धरतात, डाय ६ सेकंदांपेक्षा उशिरा पोचतो तो धोक्यात, खरं वाचण्यासारखा. वाचणारा भाग मोठा असला तर नस बंद करणारी रक्ताची गुठळी काढायला अर्थ आहे.

निपाणीचा_पावणा: २०१८ मध्ये छापून आलेल्या डॉन आणि डिफ्यूज-३ या अभ्यासांमुळं एवढ्या उशिरा गुठळी काढणं जमलं, पेशंट शेवटचा ठीक दिसल्यापासून एकात २४ तासांपर्यंत, दुसऱ्यात १६ पर्यंत. तेपण मोठी नस बंद असलेल्या निवडक पेशंटनाच हं, म्हणून २४ तास आहेत म्हणत घरात तेल चोळत बसू नका.

खानापूरकर: मामांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) जास्त आहे, डाय चालतो का?

चिकोडी_टेक्निशियन: लकव्याच्या घाईत बहुतेकदा त्यासाठी थांबत नाहीत. बिनडायचा एमआरआय परफ्युजन पण असतो, एएसएल म्हणतात, रक्तातल्या पाण्यालाच चुंबकानं खूण करतात. वेळ जास्त लागतो आणि पेशंट हलला की फोटो खराब.