आग्रा : ताजच्या पलीकडे

ताजमहाल पाहून दुपारीच दिल्लीला परतावे, आग्र्यात आणखी काही नाही, असे काही जण सांगतात, ते मला पटत नाही. यमुनेच्या डाव्या तीरावरची इतिमाद-उद-दौलाची कबर तरी चुकवू नये. नूरजहानने आपल्या वडिलांसाठी 1622 ते 1628 या काळात बांधून घेतलेली ही वास्तू आकाराने लहान असली, तरी तिच्या संगमरवरी भिंतींत रंगीत दगडांचे तुकडे बसवून साकारलेल्या सुरया, सुरूची झाडे आणि फुलदाण्या इतक्या नाजूक आहेत की, जडावकामापुरते बोलायचे तर मी ताजपेक्षा तिलाच झुकते माप देईन. गर्दीही तुलनेने बेताचीच असते.

किल्ल्यासाठी मात्र निवांत वेळ ठेवावा. शाहजहानने अखेरची वर्षे तिथेच नजरकैदेत काढली आणि तो जानेवारी 1666 मध्ये वारल्यानंतर काही महिन्यांतच, 12 मे रोजी, शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले, हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला तो घाईने उरकणे जमायचेही नाही. किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. शुक्रवारी ताज पर्यटकांसाठी बंद असतो, तेव्हा तो दिवस या दोन ठिकाणांना द्यावा.