अनुभव धागा: बाळंतपणासाठी ॲडमिट होण्याआधी

लेबर रूम, भूल, लॅब, सोनोग्राफी इथे रोज काम करणाऱ्या पुणेकरांना विनंती, की या धाग्यावर लिहावं. स्वतःची कहाणी नको. पेशंटनं काय करायचं, केव्हा आणि कशासाठी, तेवढं सांगा. सातव्या महिन्यापर्यंत पुण्यात दाखवून मग माहेरी जाणाऱ्या मुलींचाही विचार असू द्या.

लेबर रूम सिस्टर

सगळ्यात आधी फाईल. रात्री दोनला कळा सुरू झाल्या की ड्यूटीवर तुमच्या नेहमीच्या मॅडम असतीलच असं नाही. जे असतील ते फाईल वाचून ठरवतात. म्हणून सगळ्यात वर एक कागद लावा: शेवटच्या पाळीची तारीख, रक्तगट, आधीचं सिझेरियन झालं असेल तर त्याचं वर्ष आणि कारण, ॲलर्जी, चालू गोळ्या मिलिग्रॅमसकट. त्याखाली पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. हीच नेमकी घरी राहते आणि नवव्या महिन्याची तेवढी सोबत येते. दिवस मोजायचे ते पहिल्या सोनोग्राफीवरून. शेवटी शेवटी घेतलेल्या मापांत दोन-तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो. माहेरी जाताना मूळ कागद न्या, नुसते मोबाईलमधले फोटो नकोत.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर लाल पेनानं लिहा. २८ व्या आठवड्यात अँटी-डी (निगेटिव्ह रक्तगटाच्या आईला देतात ते इंजेक्शन) घेतलं असेल तर त्याची तारीखही हवी, कारण त्या इंजेक्शनमुळेच नंतरची आयसीटी (आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं आहेत का, ते बघणारी तपासणी) थोडी पॉझिटिव्ह दिसू शकते आणि नवे डॉक्टर विनाकारण काळजीत पडतात. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर पुढचा डोस बाळंतपणानंतर ७२ तासांत.

पाणी गेलं (बाळाभोवतीची पिशवी फुटली) की घड्याळ बघा, पॅड लावा, रंग बघा. कळा नसल्या तरी निघायचंच. हिरवट असेल किंवा रक्त जात असेल तर आंघोळ, देवापुढे दिवा, काही नाही; तडक निघा. बाळाची हालचाल कमी वाटली की 'गोड खाऊन बघ' असं घरोघरी सांगतात. त्यात तास जातात. तेव्हाच दाखवा, सकाळची वाट बघू नका.

भूलतज्ज्ञ

ठरलेल्या सिझेरियनआधी तेलकट, जड जेवण आठ तास बंद, हलकं खाणं सहा तास, साधं पाणी दोन तास. दूध आणि दुधाचा चहा खाण्यात धरायचा. 'उपाशीच आहे, फक्त दूध-केळं घेतलं' हे आम्ही नेहमी ऐकतो. ते उपाशी नव्हे. गरोदरपणात जठराच्या तोंडाची झडप सैल पडते, वर गर्भाशयाचा दाब, त्यामुळे भुलेत पोटातलं आंबट पाणी फुप्फुसात उतरू शकतं. खाल्लं असेल तर वेळ खरी सांगा. कुणी रागावणार नाही, त्याप्रमाणे भुलेची तयारी बदलता येते.

रक्त पातळ करणारं एनॉक्झापरिन चालू असेल तर शेवटच्या इंजेक्शनची वेळ लिहून आणा. कमी डोस असेल तर पाठीत भूल देण्याआधी १२ तास, पूर्ण डोस असेल तर २४ तास जावे लागतात, नाहीतर मणक्यात रक्त साकळण्याचा धोका असतो. इन्सुलिन, बीपीच्या गोळ्या, ॲस्पिरिन आपल्या मनानं बंद करू नका. त्या सकाळी काय करायचं ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

डोहाळजेवणाची मेंदी जरूर काढा, पण बोटांची टोकं कोरी ठेवा. ऑक्सिजन मोजणारा चिमटा तिथेच लागतो, आणि गडद मेंदी किंवा नेलपॉलिश असलं की आकडा नीट येत नाही. हिरव्या बांगड्या घरूनच उतरवून या. हात सुजल्यावर काच फोडावी लागते.

लॅब

गरोदरपणातल्या साखरेच्या दोन तपासण्यांत गल्लत होते. एकीत ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी एकदाच रक्त. हिला उपाशी यायची गरज नाही, १४० किंवा वर आलं तर मधुमेह धरतात. दुसरीत तीनदा रक्त घेतात, तिला आदल्या रात्रीपासून किमान आठ तास उपाशी. चिठ्ठीवर कोणती लिहिली आहे ते आदल्या दिवशी फोनवर वाचून दाखवा. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती तपासणी धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मधल्या वेळात बसून राहायचं. फेऱ्या मारल्या, काही खाल्लं की आकडा बदलतो.

सोनोग्राफी

डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र आणा. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यानं प्रत्येक वेळी फॉर्म एफ भरावाच लागतो, त्यात आधीच्या मुलांची माहितीही विचारतात. एनटी (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्यातच होते, म्हणून दहाव्या आठवड्यात नंबर लावा.

पुन्हा लेबर रूम सिस्टर

एक राहिलं. दिवस गणपतीत भरत असतील आणि घर पेठांत असेल तर विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळीच रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे जाऊन राहा. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता बंद असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. १०८ ला फोन केलात तर कितवा आठवडा, कळा किती मिनिटांनी येतात आणि गाडी कुठल्या चौकापर्यंत येऊ शकेल, हे तिन्ही पहिल्याच वाक्यात सांगा.