मदत हवी आहे: पार्किन्सनसाठी कंपनाचे हातमोजे घरी कोणी बनवलेत का?

कातळसडा:
नमस्कार मंडळी. आमच्या आप्पांना पार्किन्सन आहे, वय ७१. राहतो देवगड तालुक्यात, दाखवायला गोव्यात बांबोळीला नेतो. सिंडोपा (लेव्होडोपाची गोळी) चालू आहे. त्याने अंग बरंच सैल होतं, पण उजव्या हाताची थरथर काही हटत नाही. गोळीचा अंमल उतरला की चालताना पाय जमिनीला चिकटतात. माजघराच्या उंबरठ्यावर तर हटकून. मागून ढकलून उपयोग नसतो, तोल जातो.

इंटरनेटवर शोधताना स्टॅनफर्डचे संशोधक पीटर टास यांच्या हातमोज्यांबद्दल वाचलं. मला समजलं ते असं: या आजारात मेंदूच्या काही भागातल्या पेशी एकदम, एका ठेक्यात पेटायला लागतात. भजनात सगळ्यांचे टाळ एकाच ठोक्यावर पडावेत तशा. तो ठेका मोडायचा म्हणून दोन्ही हातांच्या अंगठा सोडून चार-चार बोटांच्या टोकांना आलटून पालटून, क्रम बदलत, अगदी छोटी कंपनं द्यायची. एक कंपन १०० मिलिसेकंदांचं, वारंवारिता २५० हर्ट्झ. साधारण ६६७ मिलिसेकंदांत चारही बोटांची एक फेरी, तीन फेऱ्या चालू आणि दोन फेऱ्या गप्प. असं सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. टास आधी हेच मेंदूत घातलेल्या इलेक्ट्रोडमधून करत होते, नंतर बोटांवर आले. २०२१ मध्ये निबंध आला, पण रुग्ण मोजकेच आणि खोटे मोजे घातलेला तुलनेचा गट नाही. हे मला ठाऊक आहे, तेव्हा त्यावरून झोडू नका.

माझा धंदा इन्व्हर्टर आणि मोबाइल दुरुस्तीचा, त्यामुळे सोल्डरिंगची भीती नाही. मोटर कुठली घ्यावी ते कळत नाही. मोबाइलमधली नाण्यासारखी मोटर चालेल का? त्याहून मोठा प्रश्न म्हणजे फरक पडला तर तो मोज्यांमुळेच पडला हे ओळखायचं कसं?

‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच लिहिणार असाल तर विचारून झालंय. ते म्हणाले, करून बघायला हरकत नाही, गोळ्यांना मात्र हात लावायचा नाही.

निवांत_नाखवा:
कंपनाचं खूळ जुनं आहे हो. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातले शार्को यांच्या लक्षात आलं होतं की आगगाडीतून किंवा घोडागाडीतून लांबचा प्रवास करून आलेल्या रुग्णांना बरं वाटतं. त्यावरून त्यांनी थरथरणारी खुर्ची करवून घेतली, १८९२ मध्ये त्यावर व्याख्यान दिलं आणि पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांच्या हाताखालच्या जिल द ला तुरेत यांनी तर कंपनाचं शिरस्त्राण काढलं.

गंमत पुढे आहे. २०१२ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला. अर्ध्या रुग्णांना थरथरणारी खुर्ची, बाकीच्यांना तीच खुर्ची पण थरथर बंद. महिन्याभराने दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते.

कातळसडा:
नाखवाकाका, हे वाचून हसू आलं, कारण आप्पांचं पहिल्यापासून म्हणणं आहे, “एष्टीतसून उतारलंय की हात जरा गप रवता.” नांदगावमार्गे कणकवलीला जाऊन आले की संध्याकाळी खरंच बरे दिसतात. आता ती गाडीची थरथर, की चार ओळखीची माणसं भेटली म्हणून, की कणकवलीत चहासोबत भजी खाल्ली म्हणून, देव जाणे.

सोल्डरगन:
मोटरचं मी सांगतो. नाण्यासारखी मोटर म्हणजे आत एका बाजूला जड वजन फिरतं. १० मिमीची साधारण ३ व्होल्टवर मिनिटाला १२,००० फेरे घेते, म्हणजे २०० हर्ट्झच्या आसपास. अडचण अशी की तिची वारंवारिता आणि जोर एकमेकांना बांधलेले. व्होल्टेज कमी केलंत की दोन्ही पडतात. शिवाय वेग धरायला आणि थांबायला वेळ घेते, मग १०० मिलिसेकंदांतला बराचसा भाग त्यातच जातो.

दुसरा प्रकार रेषीय मोटरचा, एलआरए. ती पुढे-मागे हलते, चटकन सुरू होते, चटकन थांबते. पण ती स्वतःच्या ठरावीक वारंवारितेवरच नीट चालते आणि तिला साधी डीसी चालत नाही. त्यासाठी डीआरव्ही२६०५एल ही चिप लागते. आठ मोटरना आठ चिपा, आणि सगळ्यांचा पत्ता एकच असल्यामुळे मध्ये टीसीए९५४८ए हा मल्टिप्लेक्सर, म्हणजे एकेका चिपेशी आळीपाळीने जोडून देणारी चिप. त्याला बरोब्बर आठ वाटा आहेत, तेवढं नशीब.

पहिला नमुना नाण्याच्या मोटरवर करा, माझा सल्ला. ईएसपी३२ हा प्रोग्रॅम टाकायचा छोटा बोर्ड, मध्ये मोटरचा करंट सांभाळणारी यूएलएन२८०३ चिप. मोटर थेट बोर्डाच्या पायाला लावू नका, तेवढा करंट तो देऊ शकत नाही. यूएलएनमध्ये आठ वाटा आणि मोटर बंद होताना येणारा उलटा झटका अडवणारे डायोड आतच आहेत. तो स्वतः साधारण एक व्होल्ट खातो, म्हणून लिथियम सेलवरून मोटरला पावणेतीन ते तीन मिळतात. ते ठीक आहे.

एक पाळा: चार्जिंग चालू असताना मोजे हातात नकोत. तुम्हाला सांगायला नको, पण घरातल्या बाकीच्यांना सांगून ठेवा.

आज्जीची_पेज:
यंत्रबिंत्र ठीक आहे, पण खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण दिलंत का? कंपवातावर आयुर्वेदात तेच सांगितलंय. आमच्या कुंपणाला पावसाळ्यानंतर ढिगाने शेंगा असतात.

चिपळूणची_फिजिओ:
आजी, खाजकुयलीत खरोखरच लेव्होडोपा असतं, आणि तेच तर सिंडोपामध्येही आहे. म्हणून ‘सोबत घेऊन बघू’ म्हणणं धोक्याचं. बीमध्ये किती आहे याचा अंदाज नसतो, आणि डोस वाढला की मळमळ, भास, रक्तदाब पडणं, अंग आपोआप वेडंवाकडं हलणं सुरू होतं. डॉक्टरांना न सांगता देऊ नका. गोळी एकदम बंद करणं तर त्याहून वाईट.

कातळसडा, तुम्ही मोज्यांच्या मागे आहात, पण मला उंबरठ्याची काळजी जास्त वाटते. थरथरीने माणूस पडत नाही, पाय चिकटले की पडतो. दारं, उंबरठे, अरुंद जागा, वळणं इथेच हे होतं, आणि यावर बाहेरचा इशारा चांगला काम करतो. उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या मारा, चालण्याच्या दिशेला आडव्या, एकेका पावलाच्या अंतराने. आप्पांना सांगायचं, ‘पट्टीवरून पाय उचला.’ शेणाने सारवलेली जमीन असेल तर चुन्याच्या रेघा ओढा. पाय अडकला की आधी थांबायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं आणि मोजून पाऊल टाकायचं. हात धरून ओढू नका.

तालाचाही उपयोग होतो, आणि इथे तुमचं कंपन कामाला येईल. ब्रिटनमध्ये क्यू-वन नावाचं छोटं यंत्र छातीच्या मधल्या हाडावर चिकटवतात, ते ठरावीक तालात थरथरतं. आठ मोटर जोडायच्या आधी फोनमध्ये मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक ठेका देणारं ॲप घ्या, थरथरीवर ठेवा आणि आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात टाका. खर्च शून्य.

गोळी कशी घेतात? आपल्याकडे दुपारच्या माशांच्या जेवणासोबतच गोळी घेणारे खूप. प्रथिनं लेव्होडोपाच्या आड येतात. जेवणाआधी अर्धा तास घेऊन फरक पडतो का ते डॉक्टरांना विचारून बघा.

कातळसडा:
ताई, अगदी तसंच चाललंय. बांगड्याचं तिखलं आणि गोळी एकाच ताटावर. विचारतो. मेट्रोनोम आज रात्रीच लावतो.

ओळखायचं कसं, यावर कोणीच बोललं नाही अजून.

निवांत_नाखवा:
त्यावर बोलायलाच पुन्हा आलो. या आजारात आशेचा परिणाम फार जोरदार असतो. २००१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मेंदूची छायाचित्रं घेऊन दाखवलं की खोटं औषध दिलं तरी ‘आता बरं वाटणार’ या अपेक्षेने रुग्णाच्या मेंदूत डोपामाइन खरोखर सुटतं. म्हणजे आप्पा ‘बरा वाटता’ म्हणाले तर ते खरंच असेल, पण त्याचं श्रेय मोज्यांना द्यायचं की तुमच्या धडपडीला, ते त्यातून कळणार नाही.

तर दोन प्रोग्रॅम लिहा. एक खरा, क्रम बदलणारा. दुसरा तेवढाच वेळ चारही बोटं एकदम हलवणारा. बोर्डावर क आणि ख. कुठला खरा ते फक्त तुम्हाला ठाऊक. आठवडा-आठवडा कुठला चालवायचा ते घरातल्या दुसऱ्या कोणी चिठ्ठी टाकून ठरवावं आणि तुम्हालाही सांगू नये. मोजमाप तुम्ही करायचं: गोळीनंतर ठरावीक वेळाने अंगठा-तर्जनी आपटण्याचा व्हिडिओ, एक सर्पिल आणि एक सही. अक्षर बारीक होत जाणं हे या आजाराचं लक्षणच आहे, त्यामुळे सह्या जपून ठेवा. सगळं झाल्यावर व्हिडिओ सरमिसळ करून तिसऱ्याच माणसाला दाखवा.

सोल्डरगन:
काका, भारी. फक्त दुसऱ्या प्रोग्रॅमनेही थोडा फायदा होत असला तर? मग दोन्ही सारखे दिसतील.

निवांत_नाखवा:
होय, ती शक्यता आहे. म्हणून मधले काही दिवस मोजे अजिबात नकोत. दोन्ही सारखेच निघाले आणि मोज्यांशिवायचे दिवस वाईट, तर टास यांचा सिद्धांत गेला उडत, मोजे ठेवा.

कातळसडा:
पटलं. चिठ्ठी आईला टाकायला सांगतो, ती पत्त्यांत कोणालाच पान दाखवत नाही.

आता अडकलोय बारीकशा गोष्टीत. मोजे कसले? रबरी घालून बघितले, घामाने हात पांढरे पडतात. आणि जूनपासून इथे खारी हवा आणि ओल, दुकानातल्या उघड्या जोडांना महिन्याभरात हिरवट बुरशी धरते.

चिपळूणची_फिजिओ:
पूर्ण मोजा नकोच. थरथरणाऱ्या हाताला तो घालणं हाच अर्धा तासाचा कार्यक्रम होईल. बोटाच्या टोकाला वेल्क्रोची छोटी पट्टी, सुती कापडाची. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं, मग त्वचा बघायची. मधुमेह असेल तर बोटांची संवेदना कमी असते, गरम झालेलं कळत नाही. आणि ज्यांच्या मेंदूत डीबीएसचं (मेंदूला विजेचे ठोके देणारं) यंत्र किंवा छातीत पेसमेकर बसवलाय त्यांनी डॉक्टरांच्या होकाराशिवाय हा धागा वाचून काहीही करू नका.

सोल्डरगन:
जोडांना सोल्डर झाल्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या, वर श्रिंक ट्यूब. मोटरची वायर केसासारखी बारीक असते आणि पहिली तुटते ती मुळाशी, तिथे हॉट ग्लूचा थेंब टाका. बोर्ड प्लॅस्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. कोड लिहून झाला की इथे टाका, टायमिंग बघून सांगतो. कोडमध्ये डिले (सगळं थांबवून ठेवणारी आज्ञा) वापरू नका, मिलिस (नुसती वेळ सांगणारी) वापरा, नाहीतर आठ वाटा एकत्र सांभाळताना गोंधळ होईल.

कातळसडा:
यूएलएन आणि मोटर मागवल्या. मोटर दहा घेतल्या, दोन तुटणार हे धरूनच. कोड रविवारी टाकतो. आईचा निरोप आहे की नेलपॉलिश तिच्याकडे फक्त लाल आहे, चालेल का?

सोल्डरगन:
चालेल. लाल थर कुठे सुटलाय ते उलट लगेच दिसेल.