मदत हवी आहे: वर्ल्ड चॅम्पियनच्या पट्ट्यांची जर्सी आपण घालावी का?

मंडळी, रविवारी आम्ही सोलापूरहून तुळजापूर रोडला सायकलिंगला जातो, धाकट्या भावाने छातीवर पाच रंगांच्या पट्ट्या असलेली पांढरी जर्सी मागवली तर ग्रुपमधले काका म्हणाले ही घालू नको, ती कमवावी लागते. पटलं मला, त्या पट्ट्या वर्ल्ड चॅम्पियनच्या, माजी चॅम्पियनला पण फक्त बाही-कॉलरच्या कडेलाच लावता येतात. टूर दि फ्रान्स या सायकल शर्यतीची पिवळी पण तशीच, १९१९ पासून आघाडीवरच्या रायडरची. पण स्पॉन्सरची नावं असलेली साधी टीम जर्सी चालते ना? माझ्या मते चालावी, पार्क मैदानावर पोरं इंडियाची निळी जर्सी घालून खेळतातच की. जर्सी, बिब शॉर्ट्स (खांद्यावरून पट्टे असलेली सायकलिंगची चड्डी), हेल्मेट सगळंच एका टीमचं घातलं तर जास्त वाटतं का? पोरगं हिरमुसलंय, अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.