शब्द हवाय: 'सायकॉलॉजिकल हॉरर' आणि त्याची वाट बघताना जे होतं त्याला काय म्हणायचं?

घाटमाथा
नमस्कार मंडळी, एक शब्द हवाय, खरं तर दोन. मी मराठीत गेम स्ट्रीम करते, म्हणजे खेळता खेळता बोलत असते, ऐकणारे बरेचसे कोल्हापूर-सांगलीकडचे, आणि सध्या आमच्या सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीकडे लागलेत, सायलेंट हिल या भीतीच्या गेममालिकेतल्या पहिल्या भागाचा रीमेक. मूळ गेम १९९९चा, पहिल्या प्लेस्टेशनवरचा. जून २०२५ मध्ये कोनामीने, म्हणजे ही मालिका काढणाऱ्या जपानी कंपनीने, जाहीर केलं की तो नव्याने बनतोय आणि बनवणारे पोलंडचे ब्लूबर टीमवाले, ज्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसऱ्या भागाचा रीमेक काढला होता. घोषणेत गेमप्ले, म्हणजे प्रत्यक्ष खेळ, काही दाखवला नाही, नुसतं नाव आणि ते ओळखीचं संगीत, आणि तेवढ्यावर आमच्याकडे चॅट वाहत सुटला होता.

तर पहिला प्रश्न, सायकॉलॉजिकल हॉररला मराठीत काय म्हणू? 'मानसशास्त्रीय भयपट' म्हटलं की परीक्षेचा पेपर समोर आल्यासारखं वाटतं, शिवाय हा पट नाहीच, खेळ आहे. दुसरा प्रश्न, गेम यायच्या आधी आपल्याला जे होतं ते काय? उत्सुकता म्हणावं तर ती कशाचीही असते. इथे मला तो गेम हवाच आहे आणि तो आल्यावर रात्री एकटीने खेळताना माझी पाचावर धारण बसणार हेही मला पक्कं माहितेय, दोन्ही एकाच वेळी.

रातकिडा
ताई, आधी भीतीचे प्रकार वेगळे करूया, मराठीत त्याची चंगळ आहे. दचकणं म्हणजे क्षणाचं, दार आपटलं, दचकलो, संपलं. धसका म्हणजे काहीतरी होऊन गेलंय आणि त्याची भीती आत बसलीय, म्हणून 'धसका घेतला' म्हणतो. आणि धास्ती म्हणजे अजून काहीच झालेलं नाही पण होणार आहे. माझ्या मते सायकॉलॉजिकल हॉरर म्हणजे निव्वळ धास्ती. पहिल्या गेममधला तो खिशातला रेडिओ आठवा, राक्षस जवळ आला की खरखर करायला लागतो, समोर धुक्यात काहीही दिसत नसतं पण आवाज वाढत जातो आणि आपण जागेवर उभे राहून कुठल्या दिशेने येतंय ते ठरवत बसतो. मारामारी तशी सोपी असते हो, जीव जातो तो त्या खरखरीत. म्हणून मी म्हणेन 'धास्तीचा खेळ'.

मोडीवाले
रातकिडा यांनी सांगितलेला फरक बरोबर आहे. मी स्वतः हे खेळ खेळत नाही, मुलगा खेळतो, मी मागे बसून बघतो, तरी त्या रेडिओवरून एक शब्द सुचला तो मांडतो: चाहूल. चाहूल ही डोळ्यांनी कळत नाही, कानाने किंवा नुसतीच कळते, कोणीतरी आहे एवढं समजतं आणि कोण ते समजत नाही. त्याचं क्रियापद बघा. झलक दिसते, चाहूल लागते. आजकाल टीझरला सगळे झलक म्हणतात, ते प्रेमकथेला ठीक आहे, पण भीतीच्या खेळात काही दाखवलं की अर्धी भीती तिथेच जाते. त्यामुळे या प्रकारच्या टीझरला चाहूल हाच शब्द योग्य. घाटमाथाताईंनी सांगितलेली ती घोषणा, ज्यात नुसतं नाव आणि संगीत होतं, ती चाहूलच होती की.

आणि हे 'लागणे' फार विचार करण्यासारखं आहे. भूक लागते, ओढ लागते, वेड लागतं, हुरहूर लागते, उत्सुकता लागून राहते, आणि दृष्ट लागते, भूत लागतं. यातलं काहीच आपण करत नाही, ते आपल्याला येऊन चिकटतं. म्हणजे वाट बघण्याचं आणि झपाटण्याचं क्रियापद मराठीने एकच ठेवलंय, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला यात दिसतं.

पॉज_बटण
सर, चाहूल एकदम पटलं. टीझरचा विषय निघालाच आहे तर पी.टी.बद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. १२ ऑगस्ट २०१४ला प्लेस्टेशन ४वर एक फुकटचा छोटा गेम आला, बनवणाऱ्यांचं नाव ७७८० एस स्टुडिओ, कोणी ऐकलेलंच नव्हतं कारण ते नाव खोटं होतं. एक घर, एल आकाराचा पॅसेज, भिंतीवर फोटो, रेडिओवर बातम्या चालू, पॅसेजच्या टोकाला दार, ते उघडलं की परत तोच पॅसेज. परत चाला, परत दार, परत तोच. फक्त दर फेरीला काहीतरी बदललेलं असतं, बाथरूमचं दार मघाशी बंद होतं ते आता किलकिलं आहे, झुंबर हलतंय, आणि तुम्हाला नक्की आठवत नाही की मघाशी पण हलत होतं का. सगळं कोडं सोडवलं की शेवटी रस्त्यावर चालणारा अभिनेता नॉर्मन रीडस दिसायचा आणि नाव यायचं सायलेंट हिल्स, गेम बनवणारा हिदेओ कोजिमा आणि सिनेमावाला गिलेर्मो देल तोरो यांचा नवा गेम. पी.टी. म्हणजे प्लेएबल टीझर, म्हणजे सरांच्या शब्दात खेळता येणारी चाहूल.

आणि मग एप्रिल २०१५ मध्ये तो गेम रद्दच झाला, पी.टी. पण स्टोअरवरून काढून टाकला, ज्याने डिलीट केला त्याला परत घेता येईना, लोक तो आत असलेले प्लेस्टेशन ४ चढ्या भावाने विकायला लागले. चाहूल लागली आणि आलं कोणीच नाही. त्या वाट बघण्याला कुठला शब्द आहे सांगा, कारण नव्या रीमेकची बातमी आली तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं की हा तरी येऊ दे.

सागरतीर
पॉज_बटण, त्या पॅसेजला शब्द आहे की आपल्याकडे! चकवा!! आमच्या कोकणात शेंबडं पोर पण सांगेल. रात्री ओळखीच्या वाटेने घरी निघालेला माणूस चालत राहतो चालत राहतो आणि परत त्याच आंब्याखाली येतो, परत निघतो, परत तोच आंबा. आजी सांगायची चकवा लागला की चालायचं नाही, आहे तिथे बसायचं उजाडेपर्यंत, कारण जितका चालशील तितका तो फिरवील. आणि परत बघा, चकवा लागतो, सरांचं तेच क्रियापद. यात भूत दिसत सुद्धा नाही, घाबरवतं ते आपलंच ओळखीचं आंगण ओळखीचं न राहणं. सायकॉलॉजिकल हॉरर म्हणजे दुसरं काय असतं मग? हडळ, खवीस, मुंजा हे सगळे साध्या हॉररवाले, चकवा मात्र डोक्याशी खेळतो. मी तर म्हणतो या प्रकारालाच 'चकव्याचा खेळ' म्हणा.

रातकिडा
चकवा पी.टी.ला शंभर टक्के लागू, पण अख्ख्या प्रकाराला नको. दुसरा सायलेंट हिल घ्या. त्यातला नायक जेम्स, त्याला त्याच्या बायकोचं पत्र येतं, मी आपल्या त्या खास जागी वाट बघतेय म्हणून, आणि ती वारून तीन वर्षं झालेली असतात. तो तिला शोधायला सायलेंट हिल नावाच्या त्या गावात जातो. पुढचं सांगत नाही, कोणी खेळलं नसेल तर मजा जाईल, पण तिथे रस्ता हरवत नाही, तिथे त्याचं मन त्याला खात असतं. 'मन खातंय' हे आपण रोज म्हणतो, काहीतरी चुकलंय आणि कोणाला सांगता येत नाही तेव्हा. त्या गेममधले सगळे राक्षस त्यातून आलेत. त्याला चकवा म्हटलं तर दोष गावाचा होतो, आणि तो गावाचा नाहीये.

मोडीवाले
उत्तम मुद्दा. मग प्रकाराला धास्ती हाच व्यापक शब्द ठेवावा, त्यात वाट हरवण्याचीही धास्ती येते आणि स्वतःच्या मनाचीही. 'मानसशास्त्रीय' मात्र नको हे ताईंचं म्हणणं योग्य, मानसशास्त्रीय म्हणजे त्या शास्त्राचं, जशी मानसशास्त्रीय चाचणी. भीती मनाची असते, शास्त्राची नसते.

घाटमाथा
किती दिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. चकवा मी लहानपणापासून ऐकलाय, आमच्याकडे पण म्हणतात, पण पी.टी. बघताना एकदाही डोक्यात आला नाही आणि आता दुसरं काही दिसतच नाहीये.

दुसऱ्या प्रश्नावर एक विचारते. धाकधूक कसा वाटतो? निकालाची धाकधूक म्हणतो तसं, छातीत होतं ते.

पॉज_बटण
धाकधूकमध्ये हवंसं काही नसतं ताई. निकाल लवकर लागून सुटावं असं वाटतं, धाकधूक थांबावी म्हणून. आपल्याला ही थांबायला नकोय, उलट कोणी दहा मिनिटांचा व्हिडिओ टाकून सगळं दाखवलं तर राग येईल. मला विचाराल तर 'ओढ लागलीय आणि धास्ती पण आहे' असं सरळ दोन शब्दांत म्हणा. एका शब्दात कोंबायचा हट्ट कशाला.

सागरतीर
+१. आणि गेम आला नाही तर त्याला 'चकवलं' म्हणायचं, २०१५ला झालं तेच.

घाटमाथा
चालेल, मग मी पुढच्या स्ट्रीमच्या पाटीवर असं लिहिते: 'सायलेंट हिल, धास्तीचा खेळ. चाहूल लागलीय, तारीख नाही.' टीझर शब्द काढून टाकते, जम्प स्केअरला, म्हणजे एकदम काहीतरी समोर आणून घाबरवतात त्याला, साधं दचकवणं. त्यादिवशी मूळ १९९९चाच खेळणार आहे, ते दाट धुकं खरं तर त्या प्लेस्टेशनला लांबचं चित्र काढायला जमत नव्हतं म्हणून झाकायला घातलेलं, आता एवढी ताकदीची मशीन असताना ब्लूबरवाले ते किती दाट ठेवतात यावर बोलू. रातकिडा, तुम्ही या नक्की, रेडिओचा आवाज मोठा ठेवते.

रातकिडा
येतो. पण हेडफोन लावून खेळा ताई, स्पीकरवर ती खरखर मागे पडते.