मदत हवी आहे: मालक सरकारच असेल तर संप कुणाविरुद्ध?

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजात अभिरूप संसद भरणार आहे. मुलांनी एक काल्पनिक देश उभा केलाय. तिथे वीज, पोलाद, बंदरं सगळं सरकारच्या ताब्यात. ठराव असा: सरकारी उद्योगांत संपाला बंदी असावी. सत्ताधारी बाकांचा मुद्दा दमदार आहे, कारखाना जनतेचा असेल तर संपही जनतेविरुद्धच होतो.

विरोधकांना मी पोलंडचं उदाहरण दिलं. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या सरकारी जहाजबांधणी कारखान्यात संप झाला, तेव्हा २१ मागण्या लाकडी फळ्यांवर रंगवून फाटकावर टांगल्या होत्या. पहिली मागणी सत्ताधारी कम्युनिस्ट पक्ष आणि मालक दोघांपासून स्वतंत्र युनियनची, दुसरी संपाच्या हक्काची. तेही कामगारांच्या नावाने राज्य चालवणाऱ्या देशात! माझ्या मते इथेच सत्ताधाऱ्यांचा मुद्दा ढासळतो. मालकही तोच, कायदा करणाराही तोच आणि पोलीसही त्याचेच, मग कामगाराने दाद कुठे मागायची?

आपल्याकडचा दाखला म्हणून मे १९७४ चा रेल्वे संप घ्यायचा आहे. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस, हजारोंची धरपकड, सुमारे २० दिवसांनी माघार, एवढं मुलांना सांगितलंय. पण घराघरांत काय घडलं ते हवंय. कुणाच्या घरी त्या संपातले रेल्वे कामगार असतील तर कृपया लिहा: नोकरी गेली का, परत मिळाली का, क्वार्टर सोडावं लागलं का? शिवाय संपबंदी असेल तर वेतनाच्या तंट्यासाठी सक्तीचा लवाद (त्रयस्थाने दिलेला, दोन्ही बाजूंना बंधनकारक निवाडा) पुरेसा ठरतो का, हे कामगार कायद्यातल्या जाणकारांनी सांगावं. मुलं फार मनापासून तयारी करताहेत.